सुझोऊच्या बागा आणि हांगझोऊचं तळं : व्हिसापासून होडीपर्यंत

चीनला जायचं म्हटलं की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, ग्रेट वॉल बघणार ना? आम्ही नाही म्हणायचो. आम्ही बागा आणि एक तळं बघायला चाललो होतो, मी आणि आई, बीजिंगला जाणारच नव्हतो. आई शाळेत चित्रकला शिकवायची, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण चिनी चित्रांमधला डोंगर-पाणी-धुकं हा प्रकार तिच्या डोक्यात तेव्हापासून बसलेला आणि ती चित्रं काढणारी माणसं ज्या बागांमध्ये बसायची त्या बागा आजही उभ्या आहेत, तिकीट काढून आत जाता येतं, हे कळल्यावर तिने दुसरं काही ऐकूनच घेतलं नाही. म्हणून हे सगळं कसं जुळवलं ते सविस्तर लिहितेय, कारण आम्हाला मराठीत असं एका जागी लिहिलेलं मिळालं नव्हतं आणि ज्यांना मनापासून जायचंय त्यांचा वेळ वाचावा असं खरंच वाटतं.

पहिलं काम व्हिसाचं. आपल्याला टुरिस्टचा एल कॅटेगरीचा व्हिसा लागतो, फॉर्म ऑनलाइन भरायचा, खूप लांबलचक आहे, आधीच्या नोकऱ्या, आईवडिलांची माहिती, शिक्षण सगळं विचारतात. सोबत बँक स्टेटमेंट, जाण्यायेण्याची तिकिटं, हॉटेल बुकिंग आणि रोजचा कार्यक्रम, म्हणजे कुठल्या तारखेला कुठल्या गावात, काय बघणार. हा शेवटचा कागद सगळ्यात महत्त्वाचा असं मी म्हणेन, व्हिसासाठी तर आहेच पण आपल्या स्वतःसाठीसुद्धा. कारण तो लिहायला बसलो तेव्हा कळलं की सुझोऊमध्ये नुसत्या युनेस्कोच्या यादीतल्या बागाच नऊ आहेत, चार १९९७ साली घेतल्या आणि पाच २००० साली, त्यातली एक तर गावाबाहेर टोंगलीला आहे. टूरवाल्यांचे कार्यक्रम बघितले तर एका दिवसात तीन बागा, म्युझियम, रेशमाची फॅक्टरी आणि संध्याकाळी बस पकडून दुसऱ्या गावी. आईने तो कागद वाचला आणि म्हणाली, अगं, हे बघणं नाहीये, हे हजेरी लावणं आहे. मग आम्ही ठरवलं की सकाळी एकच मोठी बाग, दुपारी जमलं तर छोटं काहीतरी, नाही जमलं तर सोडून द्यायचं. पुढे सगळ्या ट्रिपमध्ये हाच एक निर्णय सगळ्यात जास्त कामी आला.

तारखा ठरवताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, १ ऑक्टोबरपासूनचा आठवडा चीनमध्ये राष्ट्रीय सुट्टीचा असतो, तेव्हा अख्खा देश फिरायला बाहेर पडतो आणि या दोन्ही गावांमध्ये अक्षरशः पाय ठेवायला जागा नसते, तसंच १ मेच्या आसपास. आम्ही ती सुट्टी जाऊ दिली आणि ऑक्टोबरच्या उत्तरार्धात गेलो. हवा छान, उकाडा संपलेला, आणि ओस्मँथस नावाचं बारीक पिवळंकेशरी फूल तेव्हा फुललेलं असतं, दोन्ही गावांचं ते शहर-फूल आहे. फूल दिसायच्या आधी वास येतो, रस्त्यावरून चालताना भिंतीपलीकडून येतो, आई प्रत्येक वेळी थांबून शोधायची की झाड कुठेय.

आता पैशांचं. तिथे रोख जवळपास कोणी वापरत नाही, सगळं फोनवर, अलीपे नाहीतर वीचॅट. आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड अलीपेला जोडता येतं, पासपोर्टचा फोटो देऊन ओळख पटवायची, हे सगळं घरूनच करून जा, तिथे उतरल्यावर नको. आणि त्याच्या आधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डवर इंटरनॅशनल ऑनलाइन व्यवहार चालू करा, आपल्याकडे ते बंदच असतात, आरबीआयचा नियम आहे तसा. २०० युआनच्या आतल्या पेमेंटला जादा चार्ज नाही, त्यावर ३ टक्के लागतो, त्यामुळे दोघींची तिकिटं वगैरे वेगवेगळी काढलेली बरी. गूगल मॅप तिथे कामाचा नाही, रोमिंगवर उघडला तरी रस्ते नीट दाखवत नाही, तिथलंच मॅपचं ॲप घ्या, इंग्रजीत मिळतं. भाषांतराचं ॲप ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा, आणि हॉटेलचा पत्ता चिनी लिपीत स्क्रीनशॉट काढून ठेवा, टॅक्सीवाल्याला तोच दाखवायचा.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते नावाने. तिकडे बागेचं तिकीट असो नाहीतर ट्रेनचं, सगळं पासपोर्टच्या नावावर आणि नंबरवर निघतं. आणि आपल्याकडे पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन नावं असतात, आडनाव वेगळं. आईचं नाव एवढं लांब की एका बुकिंग साइटवर रकान्यात बसेना, साइटने ते मधेच तोडून तिकीट दिलं, कस्टमर केअरला चार वेळा लिहिलं तरी उत्तर एकच यायचं, नाव बदलता येत नाही. शेवटी ते कॅन्सल केलं आणि रेल्वेच्या अधिकृत १२३०६ ॲपवरून काढलं, त्याला इंग्रजी व्हर्जन आहे, पासपोर्ट तपासून खातं सुरू व्हायला थोडा वेळ जातो म्हणून आधी करा. तिकिटं प्रवासाच्या १५ दिवस आधी खुली होतात. कागदी तिकीट नसतंच, पासपोर्ट म्हणजेच तिकीट, ऑटोमॅटिक गेटला जमलं नाही तर बाजूला माणूस बसलेला असतो त्याच्याकडे जायचं. आणि हो, स्टेशनवर सामान स्कॅन होतं, सुरी चालत नाही, फळं कापायची छोटीसुद्धा नाही, तेव्हा ती घरी ठेवा.

बागांच्या तिकिटांना दिवस आणि वेळ निवडावी लागते. सुझोऊ म्युझियम फुकट आहे पण बुकिंगशिवाय आत सोडत नाहीत, सोमवारी बंद, आणि शनिवार-रविवारच्या जागा भराभर संपतात. बुकिंगची पानं बरीचशी चिनीत, मी फोनवर स्क्रीनशॉट काढून भाषांतराला लावायचे आणि मग पुढचं बटण दाबायचे. हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीने एका बुकिंगला स्वतःहून मदत केली, तिला फक्त पासपोर्ट दाखवला, दोन मिनिटांत काम झालं, मनापासून सांगते, अडलात तर हॉटेलवाल्यांना विचारा.

शांघायच्या होंगचाओ स्टेशनवरून सुझोऊ जेमतेम अर्ध्या तासावर. आम्ही आदल्या संध्याकाळी पोचलो, बागेपासून चालत जाता येईल असं हॉटेल घेतलं होतं, आणि सकाळी साडेसातला झुओझेंग युआनच्या दारात उभ्या होतो, बाग तेव्हाच उघडते. विनम्र कारभाऱ्याची बाग असं तिचं नाव सांगतात. तिकीट सीझनला ८० युआन, म्हणजे साधारण हजार रुपयांच्या आसपास. ही सुझोऊमधली सगळ्यात मोठी, ५.२ हेक्टर, आणि सगळ्यात गर्दीची. पहिला तास-सव्वा तास तुमच्या हातात असतो, त्यानंतर झेंडे घेतलेले गाइड आणि त्यांच्या मागे रांगा यायला लागतात.

बागेची गोष्ट थोडक्यात सांगते कारण ती माहीत असली की बघताना फरक पडतो. वांग शियानचेन नावाचा मिंग काळातला अधिकारी, दरबारातल्या राजकारणात अडकला, नोकरी सोडून गावी आला आणि १५०९ च्या सुमारास पाणथळ जमिनीवर बाग करायला घेतली. दलदल होती म्हणून तिथेच खणून तळी केली, बागेच्या मधोमध जे एवढं पाणी दिसतं ते त्यामुळे. त्याचा मित्र वेन झेंगमिंग हा त्या काळातला मोठा चित्रकार, त्याने १५३३ मध्ये या बागेच्या ३१ जागांची चित्रं काढली आणि प्रत्येकावर कविता लिहिली. म्हणजे बाग झाली तेव्हाच ती एकेका जागी थांबून बघायची अशी ठरलेली होती, ३१ ठिकाणी थांबा. पुढे मालकाच्या मुलाने जुगारात बाग घालवली, मग ती फुटली, तीन तुकडे झाले, वेगवेगळ्या मालकांकडे गेली, १८६० च्या दशकात ताइपिंग बंडातला एक सेनापती तिथे राहिला, आणि लोकांसाठी खुली झाली ती १९५२ साली.

आत शिरल्यावर पूर्वेकडचा भाग मोकळा आहे, हिरवळ वगैरे, तिथे थांबू नका, सरळ मधल्या भागात जा. खरी बाग तिथे आहे. आणि तिथे एक जागा आहे, तळ्याच्या पूर्व टोकाला, तिथून पश्चिमेकडे बघितलं की पाण्यावरून, झाडांच्या मधून थेट समोर एक उंच पॅगोडा दिसतो, बागेतच असल्यासारखा. तो बागेत नाहीच, तो आहे उत्तर मंदिराचा पॅगोडा, बागेच्या बाहेर बराच लांब, ७६ मीटर उंच. बाग करणाऱ्यांनी झाडं आणि इमारती अशा ठेवल्या की बाहेरचा पॅगोडा आपल्या चित्रात येऊन बसावा, उसना घेतलेला देखावा. हे तंत्र सुझोऊजवळच्याच जी चेंग नावाच्या बाग रचणाऱ्या माणसाने १६३१ मध्ये लिहूनही ठेवलं. आई तिथे इतका वेळ उभी होती की मागच्या फोटोवाल्यांची चुळबुळ सुरू झाली. मग आम्ही बाजूला सरकून कठड्यावर बसलो, गर्दीची लाट पुढे गेली की पुन्हा उठून बघायचं. असं करायला लागल्यावर गर्दीचा त्रास निम्मा झाला, कारण ग्रुपवाले एका जागी फार तर दोन मिनिटं थांबतात.

मधल्या तळ्याकाठचा मोठा हॉल कमळांसाठी आहे, जुलैत कमळं असतात, आम्ही गेलो तेव्हा नुसती वाळलेली पानं होती, तपकिरी, वाकलेली. मला वाटलं होतं काढून टाकतील, पण मुद्दाम ठेवतात. बागेत एक छोटी बसायची जागा आहे तीच मुळी शरद ऋतूत वाळलेल्या कमळपानांवर पडणारा पाऊस ऐकण्यासाठी, एका जुन्या तांग काळातल्या कवितेवरून. आणि दुसरीकडे एका बंदिस्त अंगणात केळी लावल्यात, त्याही पावसाच्या आवाजासाठी. आईचं माहेर रत्नागिरीकडचं, परसात केळीच केळी, तिला हे समजावून सांगायची गरजच पडली नाही.

पश्चिमेच्या भागात पाण्याला लागून पंख्याच्या आकाराचा एक मंडप आहे, खिडकी पंख्याची, टेबल पंख्याचं, छप्पर पंख्याचं. त्याचं नाव सू डोंगपो या जुन्या कवीच्या ओळीवरून, कोणाबरोबर बसू, तर चंद्र, वारा आणि मी. हा सू डोंगपो लक्षात ठेवा, तो पुढे हांगझोऊला पुन्हा भेटणार आहे. तिथे बसून आम्ही घरून नेलेल्या दशम्या खाल्ल्या. साडेसातला आत गेलेल्या आम्ही दुपारी जेवणाच्या वेळी बाहेर पडलो आणि तरी आईच्या मते उत्तरेकडची बेटं नीट बघायची राहिली.

दुपारी शेजारचं सुझोऊ म्युझियम. आय. एम. पेई या आर्किटेक्टनी डिझाइन केलेलं, २००६ ला उघडलं, त्यांच्या घराण्याचं गाव हे. मधल्या अंगणात तळं आहे आणि पलीकडे पांढरी भिंत, त्या भिंतीपुढे दगडाचे कापलेले तुकडे असे रचलेत की पांढऱ्या कागदावर शाईने डोंगर काढलाय असं वाटतं. आणि त्या भिंतीच्या पलीकडे कोण, तर सकाळी बघितलेली तीच बाग. म्युझियमच्याच जुन्या वाड्यात वेन झेंगमिंगने स्वतः लावलेली विस्टेरियाची वेल आहे, त्याच चित्रकाराने, अजून जिवंत आहे आणि तिच्या बिया दुकानात विकायला ठेवतात. शिझीलिन म्हणजे सिंहांचं वन ही बाग तिथून दोन पावलांवर, १३४२ साली एका बौद्ध भिक्षूने आपल्या गुरूच्या आठवणीत सुरू केली, पुढे १९१७ मध्ये पेईंच्याच घराण्याने विकत घेतली, लहानपणी सुट्टीत ते तिथे खेळायचे. ताई हू सरोवरातल्या भोकं पडलेल्या दगडांचा मोठा चक्रव्यूह आहे, मुलांना फार आवडेल, पण पायऱ्या अरुंद, वरखाली, दगड गुळगुळीत, गुडघे दुखणाऱ्यांनी बाहेरूनच बघावी. आम्ही लवकर बाहेर आलो.

मला स्वतःला सगळ्यात आवडली ती वांगशी युआन, जाळी विणणाऱ्या गुरूची बाग. पूर्ण बाग राहत्या घरासकट अर्ध्या हेक्टरची, म्हणजे सव्वा एकर. गावाकडे एवढ्या जागेत एखाद्याचा वाडा आणि गोठा असतो. इथे मधे एक छोटं तळं आहे, आणि ते मोठं वाटावं म्हणून काय काय केलंय ते बघत बसायचं. कोपऱ्यावर एक दगडी पूल आहे, तीन पावलांत संपतो, जाणूनबुजून इतका छोटा केलाय कारण पूल छोटा असला की पाणी रुंद दिसतं. तळ्याचे कोपरे दगडांखाली नेऊन लपवलेत, त्यामुळे पाणी पुढे कुठेतरी वाहत गेलंय असं वाटत राहतं. मोठ्या इमारती पाण्यापासून मागे सरकवल्यात, काठावर फक्त हलके मंडप. आई वहीत भराभर रेघा मारत होती. १९३० च्या दशकात झांग दाछियान हा प्रसिद्ध चित्रकार भावाबरोबर इथे राहायचा, भाऊ वाघांची चित्रं काढायचा म्हणून त्यांनी वाघाचा बछडाच पाळला होता, तो मेल्यावर बागेतच पुरला. आणि याच बागेतल्या एका अंगणावरून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये १९८१ साली हुबेहूब चिनी अंगण उभं केलं, कारागीर सुझोऊहून गेले होते.

या बागेत मार्च ते नोव्हेंबर रात्रीचे कार्यक्रम असतात, वेगळं तिकीट, ते आवर्जून काढा. एकेका दालनात थोडा वेळ काहीतरी सादर करतात, कुठे बासरी, कुठे सुझोऊची पिंगतान, म्हणजे वाद्य वाजवत गोष्ट सांगणं, कुठे कुनछू नाटकातला एखादा प्रवेश. आपण कंदिलाच्या उजेडात एका दालनातून दुसऱ्यात जायचं. शब्द एक कळत नाही. पण पाण्यापलीकडून आलेल्या बासरीचा आवाज कसा येतो हे ऐकल्यावर कळतं की ही तळी नुसती बघण्यासाठी केलेली नाहीत. हे गाणं या घरांमध्येच वाढलं, श्रीमंत मालक स्वतःच्या पदरी कलाकार ठेवायचे.

लिउ युआन या बागेबद्दल थोडंच लिहिते. तिथे दारातून आत गेल्यावर एक अंधारा अरुंद बोळ आहे, वळणं घेत जातो, आणि मग एकदम जाळीच्या खिडक्यांमधून उजेड आणि तळं. साडेसहा मीटर उंचीचा ताई हूचा एकच दगड उभा केलाय, ग्वानयुन नावाचा, त्याच्याभोवती आख्खं अंगण रचलंय. युद्धाच्या काळात ही बाग उद्ध्वस्त झाली होती, मोठ्या दालनात सैन्याचे घोडे बांधले होते आणि त्यांनी लाकडी खांब कुरतडले, मग १९५० च्या दशकात सगळं दुरुस्त केलं. आता चकचकीत फरशीवरून चालताना हे आठवलं की कारागिरांबद्दल फार आदर वाटतो. शाकाहारी लोकांसाठी खास सांगते, लिउ युआनजवळच शीयुआन मंदिर आहे, तिथल्या भोजनगृहात शाकाहारी नूडल्स मिळतात, गरमागरम, मश्रूम आणि ओस्मँथसच्या गोडसर चवीचं काहीबाही सोबत, आई पहिल्यांदा पोटभर जेवली ती तिथे.

सुझोऊहून हांगझोऊ ट्रेनने दोन तासांच्या आत. इथे तिकिटांची कटकट संपते, कारण शी हू, पश्चिमेचं तळं, याला तिकीटच नाही. २००२ पासून शहराने तळ्याभोवतीच्या बागांची तिकिटं काढून टाकली आणि कुंपणं पाडली. कधीही जा, पहाटे जा, रात्री जा. २०११ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. तळं साधारण साडेसहा चौरस किलोमीटर, तीन बाजूंना टेकड्या आणि चौथ्या बाजूला शहर.

मला वाटायचं हे नैसर्गिक तळं आहे, सुंदर आहे म्हणून लोक येतात, एवढंच. तिथे माहितीफलक वाचत चाललो तेव्हा कळलं की या तळ्याची हजार वर्षं साफसफाई झाली म्हणून ते तळं राहिलंय, नाहीतर कधीच गाळ भरून शेतं झाली असती. ८२२ साली कवी बाई जूयी इथे अधिकारी होऊन आला, त्याने बांध घालून पाणी साठवलं, शेतीला दिलं. आणि १०८९ मध्ये आला आपला सू डोंगपो, तोही कवी आणि तोही अधिकारी. तेव्हा तळं वनस्पतींनी जवळपास अर्धं बुजलं होतं. त्याने दरबाराला अर्ज केला, माणसं लावून गाळ काढला, आणि काढलेला गाळ टाकायचा कुठे तर तळ्यातूनच दक्षिणोत्तर एक बांध घातला, २.८ किलोमीटरचा, सहा पूल असलेला, काठाने विलो आणि पीचची झाडं. तोच आजचा सू बांध, आज लोक सकाळी त्याच्यावर धावतात. आणि पुन्हा गाळ साचू नये म्हणून त्याने काठाची जागा शिंगाड्याच्या शेतीला दिली, कारण शिंगाडे लावणारा माणूस दरवर्षी तण काढतोच, मात्र मधल्या पाण्यात शेती सरकू नये म्हणून तीन दगडी मनोरे उभे केले, हद्द म्हणून. आपल्याकडे गावतळ्यांचे गाळ काढायचे कार्यक्रम होतात त्यांना हे किती जवळचं आहे, मी अगदी भारावून गेले वाचून. सुंदर दिसावं म्हणून वेगळं काही केलं नाही, काम नीट केलं आणि त्यातून ते देखणं झालं.

सू बांधावर सकाळी सहाला जा. आम्ही दक्षिण टोकाकडून सुरुवात केली, धुकं होतं, एकेका पुलाच्या चढावर गेलं की पुढचा पूल दिसायचा. म्हातारी माणसं व्यायाम करत होती, कोणी पक्ष्यांचे पिंजरे घेऊन आलेलं, कोणी पाण्यात बुडवलेल्या मोठ्या ब्रशने फरशीवर अक्षरं लिहीत होतं, लिहिता लिहिता पहिली अक्षरं वाळून जात होती. आई त्या लिहिणाऱ्या काकांच्या शेजारी उभी राहिली, त्यांनी न बोलता ब्रश तिच्या हातात दिला, तिने देवनागरीत श्री काढला, त्यांनी वाकून नीट बघितला आणि त्याच्या खालच्या वळणावर हवेत बोट फिरवून दाखवलं की हे छान आहे. भाषांतराचं ॲप काढायची वेळच आली नाही.

मग होडी. मधल्या शियाओयिंगझोऊ बेटावर जायच्या मोठ्या होड्या काठावरच्या धक्क्यांवरून सुटतात, तिकीट तिथेच खिडकीवर. बेटाच्या आत पुन्हा तळी आहेत, म्हणजे तळ्यात बेट आणि बेटात तळी, नागमोडी पुलावरून फिरायचं. बेटाच्या दक्षिणेला ते तीन दगडी मनोरे पाण्यात उभे दिसतात, सध्याचे मनोरे नंतरच्या काळातले आहेत, पण कल्पना सू डोंगपोचीच. प्रत्येकाला पाच गोल भोकं, मध्यशरद पौर्णिमेला आत दिवे लावतात आणि पाण्यात चंद्रच चंद्र दिसतात. चीनच्या १ युआनच्या नोटेच्या मागे हेच चित्र आहे, लोक नोट धरून फोटो काढतात, फोनवरच्या पैशांमुळे नोट मिळणंच अवघड, आम्ही विमानतळावर थोडी रोख घेतली होती त्यात होती.

लेईफेंग पॅगोडाला जा, दमलेल्यांसाठी तर नक्कीच, कारण तिथे वर जायला सरकते जिने आणि लिफ्ट आहे. मूळ पॅगोडा दहाव्या शतकातला, लोक शुभ म्हणून त्याच्या विटा उपटून घरी न्यायचे, तो पोखरत पोखरत २५ सप्टेंबर १९२४ ला कोसळला. आताचा २००२ चा आहे, आत काचेखाली जुन्या विटांचा ढीग तसाच ठेवलाय. वरून पूर्ण तळं दिसतं, दोन्ही बांध, बेटं, पलीकडे शहराच्या काचेच्या इमारती. संध्याकाळी जा.

शेवटचा दिवस लिंगयिन मंदिराला ठेवला होता, तळ्याच्या पश्चिमेला टेकड्यांमध्ये. परंपरा अशी की इसवी सन ३२६ च्या सुमारास हुईली नावाचा भारतातून आलेला भिक्षू इथे पोचला, समोरची चुनखडीची टेकडी बघून म्हणाला ही तर मगधातल्या गृध्रकूटाची टेकडी, इथे उडून कशी आली? म्हणून तिचं नाव फेईलाई फेंग, उडून आलेलं शिखर. टेकडीच्या गुहांमध्ये आणि ओढ्याकाठच्या कड्यावर दहाव्या ते चौदाव्या शतकात कोरलेल्या शेकडो मूर्ती आहेत, सगळ्यात लाडका पोट सुटलेला हसरा मैत्रेय. हुईलीच्या नावाचा छोटा दगडी पॅगोडा दाराजवळच आहे, बहुतेक लोक न बघता पुढे जातात, डाव्या हाताला लक्ष ठेवा. कोणी आमचा पासपोर्ट बघून, कोणी आईची साडी बघून यिंदू यिंदू, म्हणजे भारत भारत, म्हणत हात जोडायचे. आई त्या पॅगोडापाशी खाली बसली, राजगीरला गेली होती ती वीस-बावीस वर्षांपूर्वी, गृध्रकूट तिने बघितलेला. मी विचारलं, आहे का गं सारखा? तिने टेकडीकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, दगडाचा रंग वेगळा आहे, झाडी तर फारच जास्त आहे, पण वरची ती कड आहे ना, तिथे जरा आहे.

मंदिराच्या भोजनगृहात पुन्हा नूडल्स खाल्ल्या, बसने स्टेशन गाठलं. मंदिराकडे यायची बस सकाळी लवकर पकडा, नऊनंतर त्या रस्त्यावर गाड्या नुसत्या उभ्या असतात. आणि हांगझोऊमध्ये एकापेक्षा जास्त मोठी स्टेशनं आहेत, तिकिटावर कुठलं स्टेशन आहे ते आदल्या रात्रीच बघून ठेवा, एकमेकांपासून लांब आहेत.